परमिट रूमचा परवाना : हक्क नव्हे, सवलत

ठाण्यात किंवा डोंबिवलीत बार काढायचा तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे एफएल-३ परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. गाळा स्वतःचा, भांडवल स्वतःचे, मग अडवणूक कशाला, ही अर्जदाराची तक्रार ऐकायला रास्त वाटते. पण मूळ कायदा १९४९चा आणि दारूबंदीचा. त्यात बंदी हा नियम, परवाना हा अपवाद. म्हणूनच पिणाऱ्यालाही परमिट लागते आणि बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असते. (टेबलावर ते सहसा कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा.) दारूचा धंदा मूलभूत हक्क ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केले.

मिळालेला परवानाही कायमचा नसतो. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली विक्री न्यायालयाने थांबवली, तेव्हा १ एप्रिल २०१७पासून चालत्या बारना कुलपे लागली. महापालिका हद्दीला ही बंदी लागू नसल्याचा खुलासा जुलैत आला. अशा अनिश्चिततेत गुंतवणूक कोण करणार, हा आक्षेप खोटा नाही. पण धंद्याची झळ शेजाऱ्यांनाही बसते, म्हणून कायद्याने त्यांनाही अधिकार दिला आहे : वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे दुकानबंदीला, मत दिले, तर रीतसर परवान्याचे दुकानही बंद होते.