लांबच्या विमानप्रवासाला निघताना: मोठ्या मुलांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोणाची बहीण दुबईत, कोणाचा भाऊ न्यू जर्सीत, कोणाचे काका मेलबर्नला. सुट्ट्यांमध्ये मुलांना घेऊन तिकडे जाणारी कुटुंबं आता चंद्रपूर-गडचिरोलीतही दिसू लागली आहेत. कडेवर तान्हं बाळ असेल तर निघण्याआधी सगळं घर दहा वेळा विचार करतं. मुलं आठ-दहा वर्षांपुढची असली की मात्र ‘मोठी झाली आता, त्यांचं काय’ म्हणून विषय संपतो. अडचणी नेमक्या इथूनच सुरू होतात. या वयाच्या मुलांचे कागद वेगळे, तिकिटाचे नियम वेगळे, तब्येतीच्या गोष्टीही वेगळ्या. शिवाय आपल्या दोन जिल्ह्यांचे म्हणून काही प्रश्न आहेत, ते मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत सापडत नाहीत. म्हणून नेहमी कानावर येणारे काही समज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज : मुलांचा पासपोर्ट एकदा काढला की काळजी नाही.

वस्तुस्थिती : मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो, मुलांचा ५ वर्षं किंवा वयाची १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत. १५ ते १८ वयाच्या मुलांना १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. सहावीत असताना काढलेला पासपोर्ट अकरावीत संपतो, आणि ते लक्षात येतं तिकीट काढायच्या दिवशी. परतीच्या तारखेपर्यंत मुदत आहे एवढंही पुरत नाही. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, थायलंड अशा देशांत शिरताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांना तिथून निघाल्यावर पुढे तीन महिने मुदत हवी असते.

दुसरी खोच नावाची. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे तर कुठे नाही, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी हे कागद एकमेकांशी जुळवून घ्यावेत. तिकिटावरचं नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर जुळणारं असावं.

मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबर, किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर सोबत नसलेल्या पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र इंग्रजीत करून घ्यावं. कॅनडासारख्या देशात इमिग्रेशन अधिकारी ते मागू शकतात. अधिकारी दहा-बारा वर्षांच्या मुलालाही थेट विचारतात, ‘कोणासोबत आलास? कुठे राहणार?’ त्याचं उत्तर मुलाला स्वतः देता आलं पाहिजे.

गैरसमज : आपलं विमानतळ म्हणजे नागपूरच, आणि सकाळी निघालं की झालं.

वस्तुस्थिती : चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, वडसा या भागाला नागपूर सोयीचं आहे. तिथून आखाती शहरांकडे थेट विमानंही जात आली आहेत. वेळापत्रक बदलत असतं, ते आधी तपासावं. पण सिरोंच्याच्या माणसाला नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. बल्लारशाहहून तर हैदराबादच्या बाजूला आणि दिल्लीलाही थेट रेल्वे आहे. तिकिटाचा भाव पाहताना घर ते विमानतळ हा खर्च आणि मुलांचा शीणही हिशेबात धरावा.

पावसाळ्यात सावधगिरी आणखी हवी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं आहे. जुलै-ऑगस्टचं विमान असेल तर दक्षिण गडचिरोलीच्या कुटुंबांनी एक-दोन दिवस आधीच पुराच्या भागाबाहेर येऊन राहावं.

देशातलं विमान आणि परदेशी विमान शक्यतो एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असावं. नागपूर-मुंबई वेगळं आणि मुंबई-लंडन वेगळं काढलं, पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. एकाच तिकिटावर पुढची सोय करणं कंपनीवर असतं.

गैरसमज : अठरा वर्षांपर्यंत मुलं लहानच धरतात, भाडं कमी लागतं, शेजारची जागाही मिळते.

वस्तुस्थिती : विमान कंपन्यांच्या लेखी २ ते ११ वर्षं म्हणजे बालक, बाराव्या वाढदिवसापासून प्रवासी मोठा धरला जातो आणि भाडंही मोठ्याचं लागतं. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की, एकाच पीएनआरवर असलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाशेजारी जागा द्यावी. तेरा वर्षांच्या मुलीला हे लागू नाही. तिची जागा आधीच निवडून ठेवावी, नाहीतर चौदा तास ती अनोळखी माणसांच्या मधल्या सीटवर बसेल.

गैरसमज : सिकलसेल असलेल्या मुलाने विमानात बसूच नये.

वस्तुस्थिती : हा प्रश्न आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घराघरातला आहे, म्हणून जरा सविस्तर पाहू. सिकलसेलचा वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचं मूल, आणि सिकलसेलग्रस्त, म्हणजे एसएस पॅटर्नचं मूल, यांत मोठा फरक आहे. वाहक मुलाला प्रवासी विमानात सहसा काहीही त्रास होत नाही. त्याला घरी ठेवण्याचं किंवा घाबरवण्याचं कारण नाही.

एसएस मुलाचं वेगळं. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर असतं तेव्हा आतला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका राखलेला असतो. ऑक्सिजन थोडा कमी मिळतो. निरोगी मुलाला ते जाणवतही नाही. सिकलसेलग्रस्त मुलाच्या तांबड्या पेशी मात्र ऑक्सिजन कमी झाला, अंगातलं पाणी घटलं, थंडी वाजली की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. विमानात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. आतली हवा थंड असते आणि आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. त्यात मे महिन्यात चंद्रपूरचं ४५ अंशांचं ऊन सोसून मूल आधीच सुकलेलं असलं तर धोका वाढतो.

तरीही तयारी नीट असेल तर ही मुलं प्रवास करतात. वेदनेचा झटका येऊन गेल्यावर निदान दहा दिवस तरी विमान टाळावं. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन तपासावं आणि विमानात ऑक्सिजन लागेल का ते विचारावं. लागणार असेल तर कंपनीला आधी कळवून त्यांचा वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो; ऐन वेळी सोय होत नाही. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह ठेवाव्यात. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन लिहून दिलं असेल तर विशेष जपावं. संयुक्त अरब अमिरातीत या औषधांवर कडक नियंत्रण आहे, त्यामुळे दुबई किंवा अबूधाबीमार्गे जाण्याआधी परवानगीचे नियम पाहून घ्यावेत. प्रवासात अंगावर गरम कपडा, थोड्या थोड्या वेळाने पाणी आणि दर तासा-दोन तासांनी उठून चालणं. बारा वर्षांच्या मुलाला हे का करायचं ते समजावून सांगितलं तर तो स्वतःच पाण्याची बाटली पुढे करतो. ‘छातीत दुखतंय, दम लागतोय, लगेच सांगायचं’ हेही त्याला बजावून ठेवावं.

घरात सिकलसेल आहे पण मुलाची तपासणी झालेली नाही, असं असेल तर ती प्रवासाआधी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी सरकारी दवाखान्यांत होते.

गैरसमज : निघताना अंग गरम लागलं तर तापाची गोळी द्यावी आणि न्यावं.

वस्तुस्थिती : इतर ठिकाणी एक वेळ ही चूक निभावेल, गडचिरोलीत नाही. राज्यात मलेरियाचा मोठा भार सोसणारा हा जिल्हा. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, परोपजीवी रक्तात तसाच राहतो. निघण्याआधी ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे रक्ताची चाचणी करून घ्यावी. बोटातून एक थेंब रक्त घेऊन काही मिनिटांत निकाल कळतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पोचल्यानंतरची. फॅल्सिपेरम मलेरियाचा ताप डास चावल्यावर साधारण एक आठवड्यापासून महिनाभरात येतो. म्हणजे एटापल्लीत डास चावतो आणि ताप येतो टोरांटोत. तिथला डॉक्टर फ्लू समजण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पालकांनी पहिल्याच वाक्यात सांगावं : ‘आम्ही भारतातल्या मलेरियाच्या भागातून आलोय, मुलाची मलेरियाची चाचणी करा.’ फॅल्सिपेरममध्ये एका दिवसाचा उशीरही जिवावर बेतू शकतो. हे वाक्य मोठ्या मुलांनाही पाठ असावं.

गैरसमज : झोपेचं औषध दिलं की मूल शांत जातं आणि कानही दुखत नाहीत.

वस्तुस्थिती : सर्दी-अ‍ॅलर्जीची गुंगी आणणारी औषधं झोपेसाठी देणं चुकीचं आहे. काही मुलांना त्यांनी झोप येण्याऐवजी उलट चिडचिड आणि बेचैनी होते. आणि कान जास्त दुखतात ते विमान उतरताना. बाहेरचा दाब भराभर वाढतो, कानाच्या पडद्यामागची नळी उघडली नाही की दडे बसतात. गिळलं, जांभई दिली, काही चघळलं की ती उघडते. झोपलेलं मूल गिळतच नाही, म्हणून विमान खाली येऊ लागलं की त्याला उठवावं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारायची युक्ती आठ-दहा वर्षांच्या मुलांना घरीच शिकवता येते. जोर मात्र लावू नये. नाक पूर्ण चोंदलेलं असेल किंवा कान वाहत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं.

गैरसमज : घरचं खाणं, घरचा मसाला न्यायला कोण अडवणार?

वस्तुस्थिती : चिवडा, शंकरपाळे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, मोहाचे लाडू असं कोरडं खाणं विमानात चालतं. तूप, मध, दही, रसदार लोणचं यांना हातातल्या सामानात द्रवाचा नियम लागू होतो, म्हणजे १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. सुकं खोबरं तेलकट आणि पेट घेणारं म्हणून चेक-इन सामानातही बंद आहे.

सगळ्यांत गंभीर गोष्ट खसखशीची. सावजी मसाल्यात खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते. दुबईला जाताना ती पुडी घरीच राहू द्यावी. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ, न्यूझीलंडमध्ये मध नेता येत नाही. न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू जाहीर केली नाही तर जागीच ४०० डॉलर दंड होतो. ऑस्ट्रेलियातही विमानातल्या कार्डावर खाण्याच्या वस्तू लिहाव्याच लागतात. लिहून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात.

जंगलालगतच्या मुलांच्या दप्तरात, वहीत मोरपीस हमखास असतं. ते देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. निघण्याच्या आदल्या रात्री मुलांच्या बॅगा त्यांच्याच हातांनी रिकाम्या करून पुन्हा भराव्यात. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातच ठेवावी लागते. एमिरेट्ससारख्या कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाही बंदी केली आहे. म्हणून मोबाइल, टॅब घरूनच पूर्ण चार्ज करावेत आणि एक गोष्टीचं पुस्तकही घ्यावं.

गैरसमज : मुलं एका रात्रीत रुळतात.

वस्तुस्थिती : शरीराचं घड्याळ साधारणपणे दिवसाला तासभर सरकतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी आपला फरक साडेनऊ ते साडेदहा तासांचा आहे, म्हणजे मुलांना आठवडाभर तरी लागणार. पोचल्या दिवशी दिवसाउजेडी बाहेर फिरवावं, दुपारची झोप छोटी ठेवावी आणि पहिल्या दोन दिवसांत मोठे बेत आखू नयेत. परतल्यावरही तेच. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी परतणं म्हणजे मुलाचे पहिले काही दिवस वर्गात पेंगण्यात घालवणं.

गैरसमज : आपल्याकडची मुलं गोंधळतील, त्यांना सांगून उपयोग नाही.

वस्तुस्थिती : मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. त्याआधी त्यांना कित्येक महिने टप्प्याटप्प्याने शिकवलं गेलं होतं. ज्या मुलांना नीट शिकवलं तर ती एव्हरेस्टपर्यंत पोचतात, त्यांना विमानतळावरची रांग अवघड नाही. अवघड होतं ते न सांगितल्यामुळे.

म्हणून निघण्याच्या पंधरा दिवस आधी मुलांना सोबत बसवावं. बोर्डिंग पासवर गेट आणि सीट कुठे लिहिलेली असते ते दाखवावं. सुरक्षा तपासणीत काय काय ट्रेमध्ये ठेवायचं, विमान बदलताना चुकामूक झाली तर जागेवरच थांबायचं आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला गाठायचं, हे बोलून घ्यावं. पासपोर्टची झेरॉक्स, पोचायचा पत्ता, दोन फोन नंबर आणि स्वतःच्या आजाराची, औषधांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक मुलाच्या खिशात असावी, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली असावी. लिहिताना मूल प्रश्न विचारतं, आणि त्या प्रश्नांची उत्तरं देता देता निम्मी तयारी होऊन जाते.