दुष्फेन पाणी : रसायन आणि अर्थकारण

पाणीपुरवठ्याची चर्चा बहुधा उपलब्धतेभोवती फिरते. पाण्याच्या गुणवत्तेची किंमत मात्र कुटुंबाच्या खर्चात दडलेली असते. दुष्फेनता हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. हे आम्ल चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करते. आंध्र प्रदेशातील बोरा गुहा व मेघालयातील मॉसमाई गुहा याच अभिक्रियेतून कोरल्या गेल्या. कार्बन डायऑक्साइड निघून जाताच अभिक्रिया उलट होते आणि कार्बोनेट पुन्हा साचते. गुहांतील चुन्याचे स्तंभ व गिझरमधील पांढरा थर यांमागील रसायन एकच आहे.

कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटमुळे येणारी दुष्फेनता तात्पुरती असते. ती उकळल्याने किंवा मोजून चुन्याची निवळी मिसळल्याने दूर होते. सल्फेट व क्लोराइडमुळे येणारी दुष्फेनता कायमची म्हटली जाते. तिच्यासाठी धुण्याचा सोडा अथवा आयन-विनिमय पद्धती लागते. बोलीभाषेत दुष्फेन पाण्यालाही 'जड पाणी' म्हणतात. अणुभट्टीतील जड पाणी म्हणजे ड्युटेरियम ऑक्साइड. परीक्षार्थींनी हा फरक ध्यानात ठेवावा.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) आहे. पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनतेसाठी आरोग्याधारित मर्यादा ठरवलेली नाही. म्हणजेच प्रश्न मुख्यतः आर्थिक आहे.

त्याचा हिशेब सोपा आहे. दुष्फेनता ३०० मिलिग्रॅम असल्यास दहा लिटरच्या बादलीतील कॅल्शियम सुमारे १८ ग्रॅम साबण अविद्राव्य साक्यात बदलू शकते. तेवढा साबण फेस येण्यापूर्वीच वाया जातो. असेच शंभर लिटर पाणी रोज तापवले आणि त्यातील क्षारांचा केवळ दहावा भाग साचला, तरी वर्षभरात एक किलोहून अधिक थर जमतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने इंधन व वीज अधिक लागते. हा खर्च कोणत्याही पाणीपट्टीत दिसत नाही. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबावर त्याचा भार प्रमाणाने अधिक पडतो.

घरोघरी यंत्रे बसवणे हा अपुरा उपाय होय. विपरीत परासरणात पाण्याचा मोठा वाटा वाया जातो, तर आयन-विनिमय यंत्राच्या पुनर्भरणातून मिठाचे सांडपाणी बाहेर पडते. ते भूजलात मुरल्यास एकाची सोय शेजाऱ्याची हानी ठरते. अर्थशास्त्रात यालाच बाह्यपरिणाम म्हणतात. तात्पुरती दुष्फेनता असलेल्या ठिकाणी चुन्याची प्रक्रिया सामूहिक पातळीवर करणे, किंवा कमी दुष्फेनतेच्या पृष्ठजलाशी मिश्रण करणे, हे अधिक किफायतशीर पर्याय ठरू शकतात.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातील महिलांना पाणीचाचणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचातून दुष्फेनताही मोजता येते. त्या नोंदी ग्रामसभेसमोर आल्या, तर कोणती प्रक्रिया कोठे हवी याचा निर्णय गावालाच घेता येईल. नळ पोहोचणे ही पहिली पायरी. त्यातील पाणी परवडणारे असणे ही पुढची.