दाखल-खारीजच्या वहीत नाव

संपादकांनी सांगितलं, वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेवर लिहा; मुलांचा दिवस कसा जातो, नव्या मुलाला शाळा कशी सामावून घेते, ते येऊ द्या. अमरावती-अकोल्यात अशा शाळा पुष्कळ आहेत. पण नव्या मुलाला सामावून घेणं म्हटल्यावर माझ्या मनात एकच नाव आलं: मंगरूळ चव्हाळ्याची प्रश्नचिन्ह आश्रमशाळा. ज्या मुलांना कुठल्याच गावाची शाळा ‘या’ म्हणत नव्हती, त्यांच्यासाठीच ती काढलेली आहे.

अमरावतीहून बडनेरा ओलांडून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की नांदगाव खंडेश्वर लागतं. खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिरामुळे हे गाव ओळखीचं. मंगरूळ चव्हाळा याच तालुक्यात आहे. काळी जमीन, सोयाबीन, तूर, कपाशी, आणि गावांच्या कडेला पारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या. बेडा गावाच्या हद्दीत असतो, पण गावात नसतो. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर येते. त्या गाडीचा आवाज कळायला लागला की बेड्यावरच्या पोरांचं शिक्षण सुरू झालं, असं म्हणायची पाळी पिढ्यान् पिढ्या होती.

शाळेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मतीन भोसले हे स्वतः फासेपारधी समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या समाजातली मुलं मुंबई, पुणे, नागपूरच्या सिग्नलवर आणि रेल्वेफलाटांवर भीक मागत होती. भोसल्यांनी सरकारी नोकरी सोडली, ही मुलं गोळा केली, त्यांच्या शिक्षणासाठी भीक मांगो आंदोलन केलं आणि २०१२च्या सुमारास निवासी शाळा उभी केली. पुढे तिथली मुलं चारशेच्या वर गेली. पहिली अनेक वर्षं हा सगळा संसार लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि देणग्यांवर चालला. खेड्यात पक्की नोकरी लागलेला मुलगा म्हणजे सबंध घराचा आधार. तो आधार आपल्या हातानं काढून घेणं ही लहान गोष्ट नाही. भोसल्यांबद्दल मला वाटणारा आदर इथूनच सुरू होतो.

असं सामावून घेणं वऱ्हाडाला अगदीच नवं नव्हे. पंजाबराव देशमुखांच्या श्रद्धानंद छात्रालयात स्वातंत्र्याआधीच वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत होती. शेणगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनांतून लोकांना पोरं शिकवायला सांगितलं, आणि त्यांच्या नावाच्या मिशननं आश्रमशाळा काढल्या. तरीही पारधी पोट्टे या दोन्ही परंपरांच्या बाहेरच राहिले. कारण तिथे पोचायलाही आधी कुणीतरी नाव नोंदवून घ्यावं लागतं.

या शाळेचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा ज्या वस्तूपाशी येऊन थांबतो, ती प्रत्येक शाळेच्या कार्यालयात कपाटात कुलपाखाली असते: दाखल-खारीज रजिस्टर. जाड पुठ्ठ्याची, लांबरुंद वही. अनुक्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि कारण. एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. जन्मतारीख किंवा जात बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं. माणूस पुढे कुठेही गेला, तरी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून निघतो.

आता या वहीपुढे बेड्यावरचं मूल उभं करा. जन्म कुठे झाला? पाल ठोकलं होतं तिथे. कुठल्या साली? ज्या वर्षी दुष्काळ पडला, किंवा ज्या वर्षी बापाला उचलून नेलं, त्या वर्षी. आधीची शाळा? नाही. आडनावं मात्र चारचौघांसारखी: पवार, भोसले, चव्हाण, काळे. त्यामुळे नुसत्या नावावरून जातही सिद्ध होत नाही. आपल्यासारख्यांना तो रकाना भरायला अर्धं मिनिट लागतं. या मुलाच्या बाबतीत त्यासाठी मास्तरांना बेड्यावर जाऊन म्हाताऱ्या माणसांपाशी बसावं लागतं, कोण कुणाच्या आधी जन्मलं ते जुळवावं लागतं, आणि त्यातून एक तारीख ठरवावी लागते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं इथे मोठी मदत केली. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयानुरूप वर्गात बसवावं लागतं, मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं, आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करता येतं. पण कायद्यातलं ‘द्यावं लागतं’ हे शेवटी कुणा एका शिक्षकाच्या संध्याकाळवर येऊन पडतं.

या समाजाची नावं याआधीही एका वेगळ्या वहीत लिहिली गेली होती, म्हणून शाळेच्या वहीबद्दल इतकं सांगितलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. अधिसूचित जमातींच्या माणसांची नोंद होई, पुढे बोटांचे ठसेही घेतले जात, ठरल्या वेळी चौकीत जाऊन हजेरी द्यावी लागे. मुंबई इलाख्यात पारधीही त्यात आले. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. फास लावून तितर-लावे पकडणं हा पिढीजात धंदा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा ठरला. वन्यजीवांना संरक्षण हवंच होतं. मात्र धंदा गेलेल्या माणसाला दुसरा धंदा कुणी दिला नाही. ज्यांचे आजे-पणजे कुणाकुणाच्या पहाऱ्याखाली हजेरी देत आले, त्यांची पोरं सकाळी ओळीत उभी राहून स्वतःचं नाव ऐकतात आणि ‘हजर’ म्हणतात. त्या एका उत्तरासाठी ही शाळा हवीच होती, असं मला मनापासून वाटतं.

वर्गात तिसरीच अडचण उभी राहते. पारध्यांची घरची बोली गुजरातीच्या जवळची. बाजारात वऱ्हाडी. पुस्तकात प्रमाण मराठी. दहा वर्षांचं पोरगं पहिलीच्या धड्यापाशी अडतं, पण रानातला माग त्याला वाचता येतो. गवत कुठे दबलंय, पक्षी कुठल्या अंगानं उतरला, नर बोलतोय की मादी, हे ते झटक्यात सांगतं. हे ज्ञान शाळेनं फुकट घालवू नये. तसं न घालवल्यानं काय होतं, याचा दाखला शेजारीच आहे: अकोला-वाशिमच्या माळांवर ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारधी मंडळींनी शिकार थांबवून गवताळ रानं आणि तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी राखायचं काम केलं. फास लावणाऱ्याला पक्ष्याचं घरटं कुठे असतं ते आधीच ठाऊक होतं. सहावी-सातवीच्या विज्ञानाच्या तासाला याहून चांगला आरंभ कुठला?

निवासी शाळेचा दिवस लांब असतो. उठणं, आंघोळ, प्रार्थना, वर्ग, दोन वेळचं जेवण, खेळ, अभ्यास, झोप. ज्या मुलानं आजवर भूक लागेल तेव्हा हात पसरला, त्याला ठरल्या वेळी ताट मिळतं हा विश्वास बसायलाच काही महिने जातात. तोवर ते पळून जातं, परत आणलं जातं, पुन्हा जातं. सुगी संपली की आईबाप पालं उचलतात आणि लेकरू सोबत न्यायला बघतात, कारण मुंबईच्या सिग्नलवर लहान मुलाच्या हातात जास्त पैसे पडतात. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण पोराच्या चार महिन्यांच्या कमाईवर घराचं वर्षाचं धान्य अवलंबून असेल, तर शाळेनं त्या घराशीही बोलत राहावं लागतं.

आणि मग समृद्धी महामार्ग आला. मुंबई-नागपूर, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, ३९२ गावं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जाताना त्याची आखणी प्रश्नचिन्हच्या आवारावरून गेली. २०१९च्या जूनमध्ये वर्गखोल्या आणि ग्रंथालय पाडलं गेलं. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे नवं वर्ष तोंडावर असताना मुलांचे वर्गच गेले. पुस्तकांचं मला फार लागतं. ज्या घरांत छापील कागद म्हणून फक्त पोलिसांची नोटीस येत होती, त्या घरांतल्या मुलांसाठी हजारो पुस्तकं जमवलेली होती. महामार्गानं ग्रामीण भागात जमिनीला पाचपटीपर्यंत मोबदला दिला, पण मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. लोकवर्गणीतून, अंगमेहनतीतून उभ्या राहिलेल्या शाळेची किंमत कुठल्या उताऱ्यावर निघणार? ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ला अख्खा रस्ता खुला झाला. आता मुंबईहून नागपूर आठ तासांवर आलं. मुलांची शाळा मात्र पुन्हा पहिल्यापासून उभारावी लागली, तीही त्याच माणसांना.

तरी इमारत पुन्हा बांधता येते. मला खरी काळजी आहे ती दहावीनंतरची. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. मुलीनं बारावी केली, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीची जागा मिळवली, की जात वैधता प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख आहे. त्याआधीचा कागद सर्वांत वजनदार. पणज्याचा शाळेचा दाखला आणा, जन्म-मृत्यूची नोंद आणा, महसुली उतारा आणा. ज्या पणज्याला शाळेनं उभं केलं नाही, जमीन मिळाली नाही, ज्याचं जन्मस्थळ म्हणजे पाल, त्याचा कागद आणायचा कुठून? कागद नसेल तर दक्षता पथक आप्तभाव तपासतं: तुमचे देव कोणते, लग्न कसं लागतं, मयतीत काय करता, बोली कोणती. आणि इथे शाळेतून शिकून निघालेली मुलगीच अडचणीत येते. दहा वर्षं वसतिगृहात राहिली, प्रमाण मराठी बोलायला शिकली, जुने विधी तिनं पाहिलेच नाहीत. जितकं चांगलं शिकली तितकी ती उत्तरांत कमी पडते. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३मध्ये स्पष्ट केलं की आप्तभावाची चाचणी हा अंतिम निकष मानता येणार नाही. निकाल चांगला आहे. पण तो वाचून दाखवायला वकील लागतो, आणि प्रवेशाची मुदत वकिलासाठी थांबत नाही.

सरकारनं ठरवलं तर यातलं बरंच काम याच वर्षी होण्यासारखं आहे. पोलिसांच्या, तुरुंगांच्या आणि महसूल खात्याच्या दप्तरांत १९५०च्या आधीच्या पारध्यांच्या नोंदी जिथे असतील, तिथून त्या शोधून काढाव्यात. ज्या नोंदींनी त्यांना गुन्हेगार ठरवलं, त्या निदान नातवंडांच्या जातीचा पुरावा म्हणून उपयोगी पडोत. तहसीलदारांनी शिबिर तालुक्याला न घेता बेड्यावर घ्यावं. जन्माची नोंद, आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला एकाच दिवशी, एकाच मांडवात द्यावा. घरात एकाला वैधता मिळाली की रक्ताच्या नात्यातल्या दुसऱ्याला पुन्हा सगळं सिद्ध करायला लावू नये. आणि प्रश्नचिन्हच्या दाखल-खारीज रजिस्टरच्या प्रमाणित प्रती जिल्ह्याच्या दप्तरात वेगळ्या जपून ठेवाव्यात, कारण महामार्गानं एकदा ग्रंथालय नेलेलं आहे, आणि आज जी मुलं तिथे सातवीत बसलीत त्यांच्या नातवंडांना दाखवायला हाच सर्वांत जुना कागद असणार आहे.