सोळाव्या हिश्शाचं इंजिन

संपादकांना छंदांच्या पुरवणीसाठी हलकंफुलकं काहीतरी हवं होतं. ‘चिंचवडला एक निवृत्त टूलरूमवाले घरी वाफेचं इंजिन करतायत, बघून या,’ एवढाच निरोप. गृहस्थांची अट एकच, नाव छापायचं नाही. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात, तेव्हा इथेही काकाच.

मोटारीसाठी बांधलेल्या त्यांच्या खोलीत मोटार कधी शिरलीच नाही. भिंतीला लेथ, शेजारी पिलर ड्रिल, खिडकीखाली बाक आणि व्हाइस. बाकावर जुन्या चादरीवर हातभर लांबीचं इंजिन: चार चाकं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, पुढे धुराडं. साडेतीन इंच अंतराच्या रुळांवर ते चालतं, कोळशावर चालतं आणि मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या मोठ्या माणसाला ओढतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये 1898 साली पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक काढलं आणि घराच्या मागच्या खोलीत लेथ ठेवणाऱ्या हौशी लोकांना हक्काची जागा मिळाली. त्यात पुढे ‘एलबीएससी’ या सहीने एक गृहस्थ लिहू लागले. लोक त्यांना कर्ली लॉरेन्स म्हणून ओळखत. लंडन, ब्राइटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत तरुणपणी नोकरी केलेली, तिचीच आद्याक्षरं सही म्हणून घेतली. एवढ्याशा इंजिनात कोळसा नीट जळायचा नाही, स्पिरिटचा दिवाच बरा, असं त्या काळचे जाणकार म्हणत. लॉरेन्सनी 1920च्या दशकात ‘आयेशा’ नावाचं अडीच इंची गेजचं कोळशाचं इंजिन आणून, त्याला माणसं ओढायला लावून तो वाद मिटवला. काकांच्या बाकावरचं ‘टिच’ हे त्यांचंच, नवशिक्यांसाठी आखलेलं. नवशिक्यांसाठी! नकाशे बघितल्यावर या शब्दावरचा माझा विश्वास उडाला.

काकांनी मला आधी गणित घातलं. मापं सोळापट कमी केली की पृष्ठभाग 256 पट कमी होतो, आतली जागा 4096 पट. म्हणजे पोटातल्या वाफेच्या मानाने सिलिंडरच्या भिंती सोळापट जास्त. वाफ आत आली की भिंतीलाच टेकून पाणी होते. काचेच्या बारीक नळीत पाण्याची पातळी बघायला जावं तर थेंब नळीला चिकटून बसतो आणि बॉयलर भरलेला आहे असं खोटंच सांगतो. लोखंड, पितळ, तांबं, सगळं मुकाट लहान होतं. पाणी, वाफ आणि आग आपल्या मूळ मापातच राहतात. पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

बॉयलर तांब्याचा. दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची कड साच्यावर ठोकून काटकोनात वळवायची. ठोकलं की तांबं कडक होतं. मग लाल तापवून पाण्यात बुडवायचं की पुन्हा मऊ. पोलादाचं नेमकं उलट, त्यामुळे टूलरूममध्ये जन्म गेलेल्या हाताला हे उमजेना. शेवटी काका कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले. तिथल्या एका कारागिराने पत्रा हातात न घेताच सांगितलं: आवाज टणक आला की हातोडी खाली ठेवायची. आणखी दोनच घाव म्हणून मारलेत की कड फाटलीच. फाटलेल्या दोन कडा काकांनी जपून ठेवल्यात. बोटाने चाचपून बघा म्हणाले. चीर नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही.

जोड चांदीच्या डाखाचे. जोडावर फ्लक्सचा लेप लावायचा आणि साडेसहाशे अंशांच्या आसपास सगळा बॉयलरच तापवायचा, कारण तांबं उष्णता एका जागी ठरू देत नाही. आधीचे जोड जास्त तापमानाला वितळणाऱ्या काडीने, नंतरचे कमी तापमानाच्या. क्रम चुकला तर नवा जोड होता होता जुना सुटतो. दुसरा बर्नर धरायला सूनबाई उभ्या राहिल्या. ‘सासऱ्यांनी माहेरपणाच्या दिवसांत बोलावून घेतलं,’ असं त्या हसत सांगतात. काका तेव्हा फाइल शोधत असल्यासारखं करतात.

पण काका खरे अडकलेत ते इंजेक्टरपाशी, आणि मीही. अंगठ्याच्या पेराएवढी ही वस्तू. आत एकापुढे एक तीन शंकूसारखी तोंडं, हलणारा भाग एकही नाही. बॉयलरचीच वाफ घ्यायची आणि तिच्या जोरावर थंड पाणी त्याच बॉयलरमध्ये, त्याच दाबाविरुद्ध ढकलायचं. ऐकायला हातचलाखी वाटते. पहिल्या तोंडातून वाफ प्रचंड वेगाने सुटते, दुसऱ्यात गार पाणी भेटताच निवून पाणी होते आणि आपला वेग त्या पाण्याला देऊन जाते. तिसरं तोंड पुढे रुंदावत जातं, तिथे वेग कमी होऊन दाब वाढतो, बॉयलरपेक्षाही जास्त. 1858 साली आंरी जिफार या फ्रेंच इंजिनिअरने ही युक्ती काढली. त्याआधी हाच माणूस वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या हवाईनौकेतून पॅरिसहून उडाला होता, त्यामुळे त्याच्याकडून काहीही अपेक्षित होतं म्हणा.

मोठ्या इंजिनात या तोंडांची भोकं चांगली मोठी. काकांच्या इंजेक्टरात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एवढं निमुळतं भोक कापणारा रीमर बाजारात मिळत नाही. सिल्व्हर स्टीलची सळई निमुळती कातायची, बरोबर अर्धी घासून टाकायची, लाल करून तेलात विझवायची, मग दगडावर धार. निम्म्यापेक्षा केसभर जास्त घासली तर भोक लहान पडतं, कमी घासली तर कापतच नाही. काकांनी एक तोंड माझ्यासमोर कातलं. भिंगातून आत बघितलं, चिमट्यातून सोडलं आणि भंगाराच्या डब्यात टाकलं. मला त्यात काही दिसलं नव्हतं. ‘आत एक रेघ आहे,’ ते म्हणाले. ‘पाणी तिथे अडखळणार.’

खरं तर टिचला इंजेक्टर नसला तरी अडत नाही. टाकीत हातपंप आहे, चाकाच्या अ‍ॅक्सलवर चालणारा दुसरा पंपही आहे. मी तसं म्हणालो. ‘अहो, पंप काय कुणीही करेल.’

रेघ नसलेलं तोंड जमलं तरी पुढे पाणी आहेच. बोअरच्या पाण्याचा क्षार एका दुपारीत भोक बुजवतो, म्हणून काका एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत साठवतात. पाणी कोमट झालं तर वाफ त्यात पुरती निवत नाही आणि इंजेक्टर सगळं खालच्या नळीतून बाहेर ओकतो. टिचच्या टाक्या तापलेल्या बॉयलरला खेटून. त्यात एप्रिलमधलं चिंचवड. सकाळी आठला चालणारा इंजेक्टर अकराला रुसतो. टाकी आणि बॉयलरच्या मध्ये काय बसवावं याची तीन रेखाटनं वहीत आहेत, तिन्हींवर फुली.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, बॉयलरच्या तपासणीची. कामाचा दाब चौरस इंचाला 80 पौंड. नवा बॉयलर दुप्पट दाबाला तपासायचा, पुढे दरवेळी दीडपट, आणि तोही पाण्याने, हवेने नव्हे. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे जोड सुटला तर नुसती चिळकांडी उडते. हवा असती तर तुकडे उडाले असते. ब्रिटनमध्ये क्लबचा तपासनीस समोर उभा राहून कागदावर सही करतो, त्याशिवाय तुमचं इंजिन त्यांच्या रुळावर चढत नाही. आपल्याकडे 1923च्या बॉयलर कायद्याने 22.75 लिटरहून लहान भांड्याला बॉयलर मानलंच नाही. पुढे ही मर्यादा 25 लिटर झाली. टिचमध्ये लिटरभरही पाणी मावत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी ही वस्तू जवळपास पातेलंच. मग तपासतं कोण? ‘मीच.’ सही? ‘माझीच.’ काकांच्या हातावर माझा भरवसा आहे, पण स्वतःचाच पेपर स्वतः तपासायची ही पद्धत मला काही रुचली नाही. नाशिकच्या ओळखीच्या एका बॉयलर इन्स्पेक्टरना बोलावून बघतो, असं त्यांनी कबूल केलंय.

इन्स्पेक्टर येतील तेव्हा येतील. मी गेलो त्या आठवड्यातल्या चाचणीत 120 पौंडांना फायरबॉक्सच्या भिंती धरून ठेवणाऱ्या एका स्टेला घाम फुटला होता. थेंब एवढासा, टिपकागदाला जेमतेम ओल. वाफेवर तो आपोआप बुजेल असं सांगणारे पुष्कळ भेटतात. काकांना ते मान्य नाही. तेव्हा आता टाक्या उतरवायच्या, नळ्या सोडायच्या, काच, सेफ्टी व्हॉल्व्ह, रेग्युलेटर काढायचे, बॉयलर सांगाड्यावरून उचलायचा, आम्लात धुवायचा आणि पुन्हा सगळाच्या सगळा तापवायचा. सूनबाईंना अजून सांगितलेलं नाही.