एका घन सेंटिमीटरमधले दीड एकर

पारशिवनी तालुक्यातल्या शाळांत येणारी बरीच मुले शेतकऱ्यांच्या घरची. धान, कापूस, सोयाबीन, युरियाचे पोते हे शब्द त्यांना पाठ्यपुस्तकाआधीच ठाऊक असतात. ‘नॅनो’ हा शब्दही आता त्यांच्या घरी पोचला आहे, तो खताच्या बाटलीवरून. २०२१ साली भारतात द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आला. त्याची अर्ध्या लिटरची एक बाटली ४५ किलोच्या पोत्याची जागा घेते, असे सांगितले गेले. एखाद्या मुलीने वर्गात विचारले, “सर, हे कसं काय?” तर काय सांगावे? त्यासाठी आधी नॅनोपदार्थ म्हणजे काय ते पाहू.

मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. ज्या पदार्थाची लांबी, रुंदी, जाडी यांपैकी निदान एक मिती साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला नॅनोपदार्थ म्हणतात.

नुसता लहान झाल्याने पदार्थाचा गुण का बदलावा? एक गणित करू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे घन केले, तर १००० घन मिळतील आणि एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होईल. असेच कापत एक नॅनोमीटरपर्यंत गेलो, तर पृष्ठफळ ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरेल! पदार्थ तेवढाच, वजनही तेवढेच. उघडा पडलेला भाग मात्र दीड एकर.

हेच अणूंच्या भाषेत पाहू. बाजूला १०० अणू असलेल्या घनात एकूण १० लाख अणू असतात, त्यांपैकी सुमारे ६ टक्केच पृष्ठभागावर असतात. बाजूला १० अणू असतील, तर १००० पैकी ४८८ पृष्ठभागावर येतात. बाजूला तीनच अणू असले, तर २७ पैकी २६! पृष्ठभागावरच्या अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी नसतात. तो सैल बांधलेला आणि रासायनिक क्रियेला तयार असतो. म्हणूनच १०६४ अंश सेल्सिअसला वितळणारे सोने काही नॅनोमीटरच्या कणांत शेकडो अंश आधीच वितळते. उत्प्रेरक बारीक कणांच्या रूपात वापरतात तेही यासाठीच.

दुसरा बदल रंगाचा. सोन्याचे १०-२० नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले, तर पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच असे द्रावण करून त्याचा अभ्यास केला होता. प्रकाशामुळे कणातील मुक्त इलेक्ट्रॉन एकत्र डोलू लागतात, हिरवा प्रकाश शोषला जातो आणि लाल उरतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धवाहकाच्या कणांत इलेक्ट्रॉन अडचणीच्या जागेत कोंडला जातो. त्यामुळे सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळा, तर ६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. या ‘क्वांटम डॉट’बद्दल २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

नॅनोपदार्थांचे प्रकार मितींवरून पाडतात. तिन्ही मिती नॅनो असतील तर ते शून्यमितीय. सोन्याचे कण, क्वांटम डॉट आणि ६० कार्बन अणूंचा चेंडू (१९८५) हे त्यात येतात. एकच मिती लांब असेल तर एकमितीय, जशा कार्बनच्या नलिका. केवळ जाडी नॅनो असेल तर द्विमितीय, जसे २००४ मध्ये वेगळे केलेले एका अणूच्या जाडीचे ग्राफीन. नॅनो आकाराच्या स्फटिककणांपासून घडलेला ठोकळा हा त्रिमितीय.

हे सारे प्रयोगशाळेतच असते असे नाही. दिव्याच्या काजळीत कार्बनचे नॅनोकण असतात. कमळाच्या पानावर मेणाच्या नॅनो आकाराच्या नळ्या असतात, म्हणून त्यावर पाणी मोत्यासारखे घरंगळते. धोप्याच्या पानावरही मुलांना हे पाहता येईल.

आता त्या बाटलीकडे वळू. सुरुवातीच्या नॅनो युरियात ४ टक्के नायट्रोजन होता, म्हणजे ५०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम. साध्या युरियात ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २० किलो ७०० ग्रॅम. पोत्यातला बराच नायट्रोजन हवेत उडतो, पाण्याबरोबर वाहून जातो, हे खरे. पण एक तृतीयांशच पिकाला मिळाला असे धरले, तरी तो जवळजवळ ७ किलो होतो. एक क्विंटल धान पिकायला सुमारे दीड ते दोन किलो नायट्रोजन लागतो. म्हणजे २० ग्रॅममध्ये जेमतेम किलो-सव्वा किलो धानाची सोय! पुढे आलेल्या प्रकारात प्रमाण २० टक्के केले, तरी बाटलीत १०० ग्रॅमच होतात.

येथे मूळ तत्त्व ध्यानात घ्यावे. उत्प्रेरक खर्च होत नाही, त्याचे काम पृष्ठभागावर चालते. म्हणून तो बारीक केला की थोडक्यात भागते. नायट्रोजन मात्र पिकाचे अन्न आहे. कण बारीक झाल्याने तो पानात शिरायला मदत होऊ शकेल, पण वीस ग्रॅमचे वीस किलो होणार नाहीत. नेहमीच्या खताला जोड म्हणून फवारणी केलेल्या काही चाचण्यांत उत्पन्न थोडे वाढल्याचे दिसले. युरिया कमी करून त्याऐवजी फवारणी केलेल्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत मात्र भात व गव्हाचे उत्पन्न घटले.

नॅनोपदार्थांचे गुण खरे आहेत. म्हणूनच त्यांची काळजीही घ्यावी लागते. चांदीचे कण रोगजंतू मारतात, तसेच नाल्यात गेल्यावर उपयोगी जिवाणूही मारू शकतात. काजळीचे कण फुप्फुसात खोलवर जातात.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी : ‘नॅनो’ लिहिलेली वस्तू दिसली की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. आत पदार्थ कोणता? तो किती ग्रॅम? आणि बारीक केल्याने त्याचा नेमका कोणता गुण बदलतो? घरातली रिकामी बाटली वर्गात आणून वरची टक्केवारी वाचायला लावावी. बाकीचे गणित सातवीचा विद्यार्थीही करील, आणि घरी जाऊन वडिलांना समजावूनही सांगेल.