भट्टीच्या दारातील यंत्रे : जुन्या ग्राइंडिंग यंत्रांचा शोध आणि पुनरुद्धार

ऐन उन्हाळ्यात उसाला पाणी देणारे ऑइल इंजिन बंद पडले, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळत असे. इंजिन उघडल्यावर पुष्कळदा क्रँकशाफ्ट झिजल्याचे आढळे. नवा क्रँकशाफ्ट परवडण्यासारखा नसे. मग तो जुनाच पोत्यात गुंडाळून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणला जाई. तेथील मिस्त्री झिजलेला भाग पाव मिलिमीटरने कमी व्यासाचा, पण पुन्हा गोल आणि गुळगुळीत करून देई. त्या मापाचे थोडे जाड बेअरिंग बसवले की इंजिन पुन्हा सुरू होई आणि पीक वाचे. हे काम ज्या यंत्रावर होई, ते ग्राइंडिंग यंत्र होय. मोटारी, मालट्रक व ट्रॅक्टर यांच्या इंजिनांची दुरुस्ती आजही याच पद्धतीने होते.

या कामी वापरली गेलेली अनेक यंत्रे आता वृद्ध झाली आहेत. कार्यशाळेच्या कोपऱ्यात किंवा तंत्रशाळेच्या पडवीत ती धूळ खात पडलेली दिसतात. त्यांचे काय करावे, हा प्रश्न कारखानदारांप्रमाणेच शिक्षक आणि अधिकारी यांच्यापुढेही येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ते यंत्र म्हणजे नेमके काय आहे, हे जाणून घेणे इष्ट ठरेल.

शाणेपासून यंत्रापर्यंत

विळ्याला अथवा सुरीला शाणेवर धार लावणारा कारागीर सर्वांच्या परिचयाचा आहे. ग्राइंडिंग यंत्राचे तत्त्व तेच आहे. यंत्राच्या चाकात अतिशय कठीण असे असंख्य कण एकत्र बांधलेले असतात. चाक वेगाने फिरू लागले की प्रत्येक कण धातूचा सूक्ष्म कपचा काढतो. पाणी देऊन कठीण केलेले पोलाद लेथच्या साध्या हत्याराला दाद देत नाही, परंतु या चाकापुढे ते नमते. मिलिमीटरच्या शंभराव्या, किंबहुना हजाराव्या भागापर्यंतची अचूकता त्यामुळे साधता येते.

अमेरिकेतील ब्राउन अँड शार्प या कारखान्याने १८७६ च्या सुमारास सर्वोपयोगी ग्राइंडिंग यंत्र पुढे आणले. एडवर्ड अ‍ॅचेसन यांना १८९१ साली सिलिकॉन कार्बाइड तयार करता आले आणि चाकांसाठी कठीण कृत्रिम कण मिळू लागले. चार्ल्स नॉर्टन यांनी १९०३ साली क्रँकशाफ्टसाठी खास यंत्र बनवले. ज्या कामास पूर्वी सुमारे पाच तास लागत, ते त्यावर पंधरा मिनिटांत होऊ लागले. मोटारगाडी सामान्यांच्या आवाक्यात येण्यास जी यंत्रे कारणीभूत झाली, त्यांत याची गणना करावी लागेल.

कोल्हापूरची परंपरा

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवून कोल्हापूर संस्थानात आधुनिक उद्योगाचा पाया घातला. शेजारच्या औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. शेतीसाठी लागणारे नांगर, चरक, पंप आणि इंजिने यांच्या दुरुस्तीतून व निर्मितीतून या भागात कुशल मिस्त्रींची पिढी घडली. शिवाजी उद्यमनगर आणि पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती यांनी कोल्हापूरचे नाव ओतकाम व यंत्रकाम या क्षेत्रांत देशभर नेले.

देशातही यंत्रनिर्मितीचा पाया याच काळात घातला जात होता. ग्राइंडिंगची चाके बनवणारा कारखाना उरणजवळ मोरा येथे १९४१ साली सुरू झाला. सिकंदराबादची प्रागा टूल्स १९४३ साली आणि बंगलोरची हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ साली स्थापन झाली. तथापि जुन्या यंत्रांत परदेशी बनावटीची यंत्रेही असतात. लेस्टरच्या जोन्स अँड शिपमनची किंवा अमेरिकेच्या लँडिस, सिनसिनाटी या कारखान्यांची नावे त्यांच्या पाट्यांवर वाचावयास मिळतात.

भंगाराचे आकर्षण

अशा यंत्राचा सांगाडा जाड बिडाचा असतो. जुन्या यंत्रांचे बीड ओतकामासाठी उत्तम समजले जाते आणि कोल्हापुरात तर ओतकामाच्या भट्ट्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे यंत्र बंद पडले की ते वजनावर विकण्याचा मोह सहज होतो.

वितळवणे हे नेहमीच अयोग्य असते, असे मात्र नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगरांसाठी दिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सुपरिचित आहे. त्या तोफांचे काम संपले होते. ज्या यंत्राचे काम संपलेले नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे. बिडाची किंमत किलोवर ठरते. त्या बिडावर हाताने घडवलेल्या सपाटीची किंमत मात्र काट्यावर येत नाही. म्हणून आधी तपास आणि मग निर्णय, हा क्रम पाळला पाहिजे.

ओळख कशी पटवावी

तपासाचा आरंभ नावाच्या पाटीपासून करावा. कारखान्याचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक उतरवून घ्यावेत. पाटी नसेल तर सांगाड्यावर ओतलेली अक्षरे रंगाखाली दडलेली असू शकतात. काही जुन्या कारखान्यांच्या अनुक्रमांकांच्या याद्या उपलब्ध असून त्यांवरून निर्मितीचे वर्ष कळू शकते.

मापेही बोलकी असतात. भारतात मेट्रिक पद्धतीचा अवलंब १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला. यंत्राच्या चाकीवरील खुणा इंचाच्या हजाराव्या भागात असतील आणि बोल्टचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे असतील, तर यंत्र जुने किंवा ब्रिटिश घडणीचे असण्याचा संभव असतो. हा निर्णायक पुरावा नव्हे, केवळ दिशा दाखवणारी खूण होय. इंचाचा हजारावा भाग म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, हे ध्यानात न घेतल्यास काम बिघडते.

याहून मोलाचा ठेवा म्हणजे त्या यंत्रावर काम केलेल्या निवृत्त कामगारांची स्मृती. यंत्र कोठून आले, कोणते भाग बदलले, कोणती खोड होती, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

दुरुस्तीचा क्रम

यंत्र सोडवण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधाव्यात. दाबाच्या हवेने धूळ उडवू नये. चाकाचे कठीण कण त्यामुळे सरकपट्ट्यांच्या फटीत शिरतात आणि पुढे तेच यंत्राला खातात. ब्रश, फडके आणि साफसफाईचे तेल पुरेसे असते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये.

ज्या पट्ट्यांवरून टेबल सरकते, त्या यंत्राचा आत्मा होत. त्यांवर पॉलिश पेपर कधीही फिरवू नये. त्या झिजल्या असतील तर स्क्रॅपिंग करावे लागते. सपाट प्रमाणपट्टीला निळा रंग लावून ती पट्टीवर घासतात. जेथे रंग लागतो तो उंचवटा समजून हाताच्या हत्याराने खरवडतात. ही कृती पुनःपुन्हा करावी लागते. इंग्लंडचे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली खऱ्या सपाटीविषयीचा आपला प्रबंध वाचून या पद्धतीचे महत्त्व अभियंत्यांसमोर मांडले. आज ही कला जाणणारे हात कमी होत आहेत. एका यंत्राचा पुनरुद्धार म्हणजे चार तरुणांना ही कला शिकवण्याची संधी होय.

चाकाचा दांडा, म्हणजे स्पिंडल, हाही नाजूक भाग आहे. अनेक जुन्या यंत्रांत तो साध्या बुशांत, तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेथे जाड तेल घातल्यास तो तापतो. बुश काढून वाटेल ती बॉल बेअरिंगे बसवल्यास कामावर लाटा उमटू लागतात. विजेचे जुने वेष्टन, स्टार्टर व भूसंपर्क यांची तपासणी जाणकार तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

चाक आणि जीव

या यंत्राचा सर्वांत मोठा धोका त्याच्या चाकात असतो. चाक फुटले तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. जुन्या यंत्राची मोटार बदलताना याकडे दुर्लक्ष होते. समजा, २५० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला १,४४० फेऱ्यांच्या मोटारीवर थेट बसवलेले आहे. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर होतो. तेथे २,८०० फेऱ्यांची मोटार बसवली, तर हाच वेग सुमारे ३७ मीटरवर जातो आणि चाकाला फाडू पाहणारे बल जवळजवळ पावणेचारपट होते. चाकावर ३३ मीटरची मर्यादा छापलेली असेल तर तो अपघातच आमंत्रित केल्यासारखे आहे. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आपल्या कलम ३० अन्वये, प्रत्येक ग्राइंडिंग यंत्राजवळ चाकाच्या कडेचा कमाल सुरक्षित वेग, दांड्याचा वेग आणि त्यासाठी आवश्यक पुलीचा व्यास दर्शवणारी सूचना लावणे बंधनकारक केले होते.

मडके घेतानाही गृहिणी ते वाजवून घेते. भाजलेल्या मातीच्या बंधाचे चाकही तसेच वाजवून पाहावे. चाक कोरडे व स्वच्छ करून, टांगून, लाकडी मुठीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत नाद आला पाहिजे. बद्द आवाज आल्यास ते चाक मोडून टाकावे. रेझिन किंवा रबराच्या बंधाच्या चाकांना ही कसोटी तशीच लागू पडत नाही. यंत्रासोबत आलेले, तेल प्यालेले जुने चाक न वापरणेच श्रेयस्कर. नवे चाक बसवल्यावर संरक्षक कवच लावून, सर्वांनी बाजूला उभे राहून, निदान एक मिनिट ते पूर्ण वेगाने रिकामे फिरवावे. हातचलाखीच्या साध्या ग्राइंडरवर काम टेकवण्याची पट्टी आणि चाक यांत तीन मिलिमीटरहून अधिक फट नसावी. डोळ्यांना चष्मा हवाच.

सहीपूर्वीचे तीन प्रश्न

दुरुस्तीनंतर यंत्राची परीक्षा कामावरच घ्यावी. सरफेस ग्राइंडरवर एक पोलादी पट्टी दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून तिची जाडी चारही कोपऱ्यांत मोजली, तर यंत्राची खरी प्रकृती कळते. सांगाड्यालाच तडा गेला असेल, किंवा कवच बसवणे शक्यच नसेल, तर यंत्र चालवण्याचा आग्रह धरू नये. ते शिक्षणासाठी उघडे करून ठेवता येईल. तेही शक्य नसेल तर माहिती व छायाचित्रे जतन करून भट्टीकडे पाठवण्यास हरकत नाही.

तंत्रशाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि स्थानिक संस्था यांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत अशी यंत्रे अनेकदा ‘निकामी’ या एका शब्दाखाली नोंदलेली असतात. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत. हे यंत्र कोणते आहे? त्याच्या सरकपट्ट्या आणि स्पिंडल तपासले आहेत काय? ते सुरक्षितपणे चालवता येईल काय? या तपासाला एक डायल गेज, एक सपाट प्रमाणपट्टी आणि जाणत्या मिस्त्रीचा एक दिवस लागतो. यंत्र एकदा भट्टीत गेले की त्याचे बीड परत मिळते, पण त्यावर घडवलेली सपाटी आणि ते घडवणाऱ्या हातांचा माग परत मिळत नाही.