उलटा पंख, सुलटा हिशोब

डिकीवर भलाथोरला पंख मिरवणारी गाडी रस्त्यात दिसली की बघणारे दोन गटांत फुटतात. एक गट मोबाइल काढून फोटो घेतो, दुसरा विचारतो, ‘कपडे वाळत घालायला लावलाय का?’ शहरातल्या ट्रॅफिकपुरतं बोलायचं तर दुसऱ्या गटाचं बरोबर आहे. रेसट्रॅकवर मात्र हाच पंख पोटापाण्याचं काम करतो. विमानाला वर उचलणारा पंख उलटा बसवला की तो गाडीला खाली दाबतो. दाब वाढला की टायरची पकड वाढते आणि गाडी वळणातून जास्त वेगाने निघते. तत्त्व एवढंच. भानगडी पुढे सुरू होतात: पंख टेकवायचा कुठे, तिरका ठेवायचा किती, आणि त्याचा खरंच उपयोग होतोय की नुसता देखावा आहे, हे ओळखायचं कसं? त्या शेवटच्या प्रश्नासाठी गाडीची जागा आणि वेग टिपत राहणारी डेटा लॉगर नावाची डबी बसवतात. पंखाच्या आणि या डबीच्या काही चटपटीत गोष्टी.

उडू नये म्हणून पंख

२३ मे १९२८, बर्लिनचा आव्हुस ट्रॅक. फ्रिट्झ फॉन ओपेल ‘राक २’ नावाच्या गाडीत बसला. तिच्या मागे चक्क २४ रॉकेटं लावली होती. ती पेटली आणि गाडी ताशी २३८ किलोमीटरला पोचली. या वेगात तिने जमीन सोडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उलटे पंख बसवले होते.

‘मागच्याला दिसत नाही’

१९५६ साली मायकेल मे या तरुण स्विस इंजिनिअरने आपल्या पोर्शे ५५० वर, थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर, पंख उभारला. त्याचा कोन बसल्या जागेवरून बदलता यायचा. न्यूरबर्गरिंगला तो सरावात उतरला आणि आयोजकांनी पंख काढायला लावला. कारण? मागून येणाऱ्या ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही! मोटार रेसिंगमध्ये पंखाचं दुकान जोरात सुरू व्हायला त्यानंतर दहा वर्षं लागली.

रिकाम्या डाव्या पायाला काम

१९६६ मध्ये टेक्सासच्या जिम हॉलने ‘शापरल २ई’ रेसमध्ये आणली. उंच खांबांवरचा पंख सरळ मागच्या चाकांच्या आधारांवर टेकवलेला, म्हणजे स्प्रिंग न दबता सगळा भार टायरवर. या गाडीला क्लचचं पेडल नव्हतं. मग डावा पाय रिकामा कशाला ठेवायचा? हॉलने तिथे पंखाचं पेडल दिलं. पेडल दाबलं की पंख आडवा, हवेचा अडथळा कमी आणि सरळ रस्त्यावर वेग जास्त. वळणाआधी पाय उचलला की पंख पुन्हा तिरका. त्याच वर्षी फिल हिलने लागुना सेकाची शर्यत याच गाडीतून जिंकली. मागचा पंख सरळ रस्त्यावर मोकळा करायची हीच युक्ती फॉर्म्युला वनमध्ये २०११ साली ‘डीआरएस’ नावाने अवतरली.

वर्षभराचा संसार

फॉर्म्युला वनमध्ये १९६८ च्या बेल्जियन ग्रांप्रीत फेरारी आणि ब्रॅबम यांनी मागे पंख लावले. मग काय, सगळ्यांनाच हौस आली. पंख उंच होत गेले, खांब बारीकच राहिले. ४ मे १९६९ ला बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर लोटसच्या ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांचेही पंख एकाच शर्यतीत मोडले. दोन्ही गाड्यांचा चुराडा झाला, रिंट जखमी झाला. पुढच्याच मोनॅको ग्रांप्रीत, सराव सुरू झालेला असताना, उंच पंखांवर बंदी आली. नंतर पंख परतले, पण ठेंगणे आणि गाडीच्या अंगाला घट्ट धरून.

वेग दुप्पट, दाब चौपट

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.६ मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद असा साधा पंख मध्यम कोनात लावला, तर ताशी १०० किलोमीटरला तो गाडीवर ढोबळमानाने १९ किलोचा भार टाकतो. २०० ला तोच भार ७७ किलोवर जातो. आणि संध्याकाळच्या गर्दीत, ताशी ३० ला? जेमतेम पावणेदोन किलो. पंखाचं स्वतःचं वजन बहुतेक वेळा याहून जास्त भरतं!

कंपनीतून लागून येणाऱ्या पंखांमध्ये २०२२ ची पोर्शे ९११ जीटी३ आरएस भलतीच पुढे गेली. २८५ किलोमीटरला तिच्यावर एकूण ८६० किलोचा दाब पडतो, असं कंपनी सांगते. अर्थात तो एकट्या मागच्या पंखाचा नाही, पुढून-खालून सगळीकडून मिळून.

मागे दाबलं की पुढे उचललं

नवशिके इथेच फसतात. पंख मागच्या चाकांच्याही मागे लटकतो, म्हणजे तरफ झाली. समजा पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि पंख मागच्या चाकापासून एक मीटर मागे आहे. पंखाने ७५ किलो दाबलं, तर मागच्या चाकांवर पडतात १०५ किलो. वरचे ३० आले कुठून? पुढच्या चाकांवरून. गाडीची शेपूट जमिनीला चिकटते आणि नाक हलकं होतं. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघते. म्हणून पंखाबरोबर पुढच्या बंपरखाली स्प्लिटर, म्हणजे नाक दाबून धरणारी आडवी फळीही लावावी लागते. एकाचं लग्न ठरलं की दुसऱ्याचा खर्च आलाच.

पत्र्यावर भरवसा नको

डिकीचं झाकण म्हणजे पातळ पत्रा. त्याला चार भोकं पाडून पंख कसला, तर वेगात पत्रा वाकतो, कोन बदलतो आणि बोल्टच्या भोवती तडे जातात. म्हणून आतल्या बाजूने जाड पट्टी देऊन भार पसरवतात, किंवा ब्रॅकेट झाकणातून खाली नेऊन थेट गाडीच्या सांगाड्याला जोडतात. पंख बसल्यावर दोन्ही हातांनी दाबून, मागे ओढून बघायचं. हाताने हलला तर ट्रॅकवर टिकणार नाही.

आणखी एक गंमत. पंखाचं खरं काम खालची बाजू करते. तिथे हवा वेगाने वाहते, दाब कमी होतो आणि पंख खाली ओढला जातो. नेमके तिथेच ब्रॅकेट आले तर प्रवाह बिघडतो. म्हणून हल्ली अनेक रेसगाड्यांचा पंख वरून धरलेला, टांगलेला असतो. बाकदार ब्रॅकेट हंसाच्या मानेसारखे दिसतात म्हणून त्यांना ‘स्वान नेक’ म्हणतात. २०२१ पासून पोर्शे ९११ जीटी३ मध्ये हे शोरूममधूनच मिळतं.

बोटभर पट्टीची थाप

१९७१ साली फिनिक्सला चाचणी चालली होती. गाडीला वेग येईना म्हणून ड्रायव्हर बॉबी अन्सर वैतागला होता. डॅन गर्नीने पंखाच्या मागच्या कडेवर ॲल्युमिनियमची एक उभी पट्टी रिव्हेट केली. लॅपची वेळ फारशी सुधारली नाही. पण अन्सरने हळूच येऊन सांगितलं: मागची पकड इतकी वाढलीय की आता पुढची कमी पडतेय. पुढचा पंख जुळवला आणि काम फत्ते. पट्टी कशासाठी, असं प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं तर उत्तर तयार होतं: ‘कड मजबूत राहते, गाडी ढकलताना हात कापत नाही.’ काहींनी ती नक्कल करून चक्क उलटी, खाली तोंड करून लावली. आज ही ‘गर्नी फ्लॅप’ हेलिकॉप्टरच्या शेपटीवरही दिसते. यातली मेख अशी की, नुसतं स्टॉपवॉच बघितलं असतं तर पट्टी त्याच दिवशी भंगारात गेली असती.

उपग्रहाची मेहेरबानी

स्टॉपवॉचला जे दिसत नाही ते लॉगर दाखवतो, पण त्यासाठी त्याला गाडीची जागा जीपीएसवरून कळावी लागते. १ मे २००० पर्यंत सामान्यांच्या जीपीएसमध्ये अमेरिकी सरकार मुद्दाम गोंधळ घालत असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची, म्हणजे गाडी ट्रॅकवर आणि खूण शेजारच्या शेतात. त्या रात्री हा गोंधळ बंद झाला आणि हौशी ड्रायव्हरच्या खिशाला परवडणाऱ्या लॉगरचा रस्ता मोकळा झाला.

आता मोबाइलनेही लॅप मोजता येतो, पण हिशोब बघा. ताशी १८० ला गाडी सेकंदाला ५० मीटर पळते. सेकंदाला एकदाच जागा टिपणाऱ्या मोबाइलला दोन नोंदींमधले हे ५० मीटर दिसतच नाहीत. सेकंदाला २५ नोंदी घेणारा लॉगर दर दोन मीटरला एक ठिपका देतो. शिवाय तो गाडीच्या स्वतःच्या संगणकाशी (ओबीडी पोर्टला किंवा कॅन बसला) जोडला की थ्रॉटल, ब्रेक, आरपीएम, स्टिअरिंग हेही त्याच आलेखावर उमटतं. फॉर्म्युला वनच्या गाडीवर असे सुमारे ३०० सेन्सर असतात. २००२ मध्ये तर पिटमध्ये बसून धावत्या गाडीची सेटिंगं बदलायची मुभा होती. २००३ पासून ती बंद झाली. आता माहिती बाहेर येते, हुकूम आत जात नाही.

एकच माणूस, दोन्हीकडे

वुनिबाल्ड काम या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव दोन ठिकाणी भेटतं. गाडीचं मागचं टोक छाटून हवेचा अडथळा कमी करायचा, ती ‘काम टेल’. आणि टायरची एकूण पकड वळण, ब्रेक आणि पिकअप यांच्यात वाटून घ्यावी लागते, हे दाखवणारं ‘काम वर्तुळ’. लॉगरवरचे सगळे जी-फोर्सचे ठिपके एकत्र मांडले की हेच वर्तुळ उमटतं. कडेवर ठिपके दाट असतील तर ड्रायव्हर टायर पुरता वापरतोय. मध्येच गर्दी असेल तर तो वळणाआधी नुसताच वाहत जातोय. ‘मी फुल थ्रॉटल होतो’ म्हणणाऱ्याचा आलेख ८० टक्क्यांवर रेंगाळलेला दिसला की पिटमध्ये हशा पिकतो.

व्हिडिओ गेमचा मीटर

२००७ च्या निस्सान जीटी-आरच्या डॅशबोर्डवरचे माहितीचे पडदे ‘ग्रान टुरिस्मो’ हा गेम बनवणाऱ्या पॉलिफोनी डिजिटलने आखले. टोयोटा ८६ मध्ये पुढे उलटा प्रवास झाला: ट्रॅकवर खरोखर मारलेला लॅप गेममध्ये घालून बघायची सोय आली.

पंख पास की नापास?

आता मुद्द्याची चाचणी. चालकासह ११०० किलोची गाडी आणि वर सांगितलेलाच पंख घेऊ. २० मीटर त्रिज्येच्या अरुंद वळणात वेग साधारण ५० असतो. तिथे पंखामुळे फरक पडतो अंदाजे ताशी ०.१ किलोमीटरचा, म्हणजे शून्यच. १०० मीटर त्रिज्येच्या वळणात, ११३ च्या वेगाला, सव्वा किलोमीटरच्या आसपास. २०० मीटरच्या मोठ्या वळणात, १६० ला, साडेतीन. अंगाला न जाणवणारे हे आकडे आलेखावर दिसतात.

म्हणून एकाच दिवशी, त्याच टायरवर, त्याच ड्रायव्हरने पंख लावून आणि काढून लॅप मारायचे. मोठ्या वळणात वेग वाढला, अरुंद वळणात तेवढाच राहिला, सरळ रस्त्याच्या शेवटी थोडा घटला, तर पंख पास. अरुंद वळणातही वेग वाढलेला दिसला तर श्रेय पंखाचं नाही. टायर तापले असतील, नाहीतर ड्रायव्हर सुधारला असेल.

हा पंख कुठे लावायचा, तेही ऐका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेत सांगितलं की, कंपनीच्या मूळ बनावटीत मनाने बदल करता येत नाहीत. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीवर हौस नको. हौस भागवायला ट्रॅक आहेत. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’मध्ये मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं स्वतः बांधलेल्या गाड्या पळवतात. तिथे वेग कमी, म्हणून पंख लावायचा तर मोठा आणि अनेक पात्यांचा लावावा लागतो.

आणि बजेट एकाच वस्तूपुरतं असेल तर आधी लॉगर घ्या. पंख फक्त वेगवान वळणात मदत करतो. तुमची चूक कुठे होते, हे लॉगर प्रत्येक वळणात सांगतो.